बँड तोच, माणसं नवी

१९८७ साली इंग्लंडमध्ये 'नेपाम डेथ' या बँडची 'स्कम' नावाची पहिली तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला वाजवणारी माणसं वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी. दोन्हीकडे सापडतो तो एकटा ड्रमर, मिक हॅरिस. पहिली बाजू १९८६ मध्ये मुद्रित झाली, दुसरी पुढच्या वर्षी, आणि मधल्या काळात गाणारा गेला, गिटारवाला गेला, त्यांच्या जागी दुसरे आले. १९९१ मध्ये हॅरिसनेही रामराम ठोकला. बँड मात्र अजून त्याच नावाने उभा आहे आणि 'स्कम'वर वाजवलेल्यांपैकी एकही जण त्यात उरलेला नाही. याला तोच बँड म्हणायचं का, यावर हेवी मेटलचे चाहते वर्षानुवर्षं हातघाईवर येत आले आहेत. एका गटाचं म्हणणं, मूळ माणसं गेली की उरते ती नुसती पाटी. दुसरा गट म्हणतो, नाव कायद्याने ज्याच्याकडे, बँड त्याचा. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. आत कोण उरलं यापेक्षा, नव्याने आत आलेल्याला काय करू दिलं, हे आधी पाहावं. त्याला जुन्याची नक्कल करायला बसवलं तर नाव कितीही मोठं असो, बँड तिथेच थांबतो. त्याच्या गळ्याप्रमाणे, त्याच्या हाताप्रमाणे गाणं वळू दिलं तर मूळचं कुणीही नसलं तरी तो चालत राहतो.

आमच्या पुसद गावात बँड म्हटलं की वरातीपुढचा बँड आधी आठवतो, त्यामुळे हेवी मेटल म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. या संगीतात विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला, जाड आणि खरखरीत केलेला असतो. गाण्याचा कणा म्हणजे 'रिफ', गिटारवर पुन्हा पुन्हा येणारं एक छोटं, ठाशीव स्वरवाक्य. त्याच्या खाली बेस गिटार, मागे दोन्ही पायांनी ढोल हाणणारा ड्रमर आणि पुढे गायक. या गायकाचा गळा कधी तारसप्तकात किंचाळतो, कधी खोल गुरगुरतो. या संगीताचा जन्म १९७० च्या सुमाराला बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला असं साधारणपणे मानलं जातं, आणि त्या जन्माची एक गोष्ट आपल्या मुद्द्याशी थेट संबंधित आहे. 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हातच जायबंदी झाला. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा ढिल्या करून सूर खाली आणला. मेटलचा जो जड, खालच्या पट्टीतला आवाज जगभर ओळखला जातो, त्यात या जखमी हाताचा वाटा मोठा आहे. या संगीतात वाजवणाऱ्याचं शरीर सुरात उतरतं. शरीर बदललं की सूर बदलणारच. बँडने तो बदल मान्य करायचा की दडपायचा, एवढंच त्याच्या हातात असतं.

माणसं का बदलतात याची कारणं काही गूढ नाहीत. दारू, अमली पदार्थ, पैशांचे वाद, वर्षातले आठ-दहा महिने बसमध्ये काढल्यावर येणारा वीट, आजारपण, मृत्यू. मेटलच्या ड्रमरचं काम तर अंगमेहनतीचंच आहे. साठी-सत्तरीत ते झेपेलच असं नाही. भारतात या यादीत नोकरी सगळ्यात वर येते, त्याकडे पुढे वळूच. तूर्त ब्लॅक सॅबथकडे जरा थांबून पाहू, कारण माणसं बदलण्याचे जेवढे म्हणून प्रकार असतात, ते बहुतेक सगळे या एका बँडने करून दाखवले आहेत.

१९७९ मध्ये सॅबथने आपला गायक ऑझी ऑस्बोर्न याला काढून टाकलं. ऑझीचा आवाज बँडची ओळख झालेला होता. त्याच्या गाण्याची एक खोड होती: तो पुष्कळदा रिफच्याच सुरांवरून चालायचा. 'आयर्न मॅन' ऐकलं तर हे लगेच कळतं. गिटार जी वाट घेते तीच गळा घेतो. त्याच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओ हा वेगळ्याच मुशीतला गायक. रिफ खाली आपल्या गतीने चाललेला आणि डिओ त्यावर स्वतःची स्वतंत्र चाल बांधत वर चढतो आहे, अशी त्याची रीत. आयोमीपुढे दोन रस्ते होते. डिओला ऑझीच्या चाकोरीत बसवायचं, किंवा रिफच थोडा मोकळा करायचा. त्याने दुसरा धरला. १९८० मध्ये आलेल्या 'हेवन अँड हेल' या अल्बमच्या नावाच्याच गाण्यात कडव्यांच्या वेळी गिटार जवळजवळ बाजूला होते, खाली बेस एकसारखा चालत राहतो आणि गायकाला अंगण मोकळं मिळतं. ऑझीच्या काळात अशी रचना सुचलीच नसती, कारण तिची गरजच नव्हती. बुडत चाललेला बँड त्या अल्बमने वर आला. पुढे मात्र याच बँडने उलट उदाहरणंही घालून दिली. १९८६ चा 'सेव्हन्थ स्टार' हा खरं तर आयोमीचा एकट्याचा अल्बम व्हायचा होता; कंपनीच्या आग्रहापोटी त्यावर ब्लॅक सॅबथचं नाव चढवलं गेलं. आणि २००६ मध्ये याच्या अगदी उलट झालं. आयोमी, गीझर बटलर, डिओ आणि ड्रमर विनी अॅपिस हे चौघे, म्हणजे एकेकाळी सॅबथ म्हणूनच वाजवलेले चौघे, पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी 'हेवन अँड हेल' असं वेगळं नाव घेतलं. तेव्हा एकीकडे नाव सॅबथचं आणि आत बँडच नाही. दुसरीकडे माणसं सॅबथची आणि नाव नाही. नावाची किंवा मूळ माणसांची मोजपट्टी लावली तर या दोन्ही गोष्टींचा उलगडा होत नाही.

दुसरं ठळक उदाहरण 'आयर्न मेडन'चं. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचा शो झाला आणि जगभरच्या एका मोठ्या दौऱ्याची सुरुवातच तिथून झाली. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. बँडचं बोइंग ७५७ त्या दौऱ्यात तो स्वतः चालवत होता. त्या संध्याकाळी मंचावर असलेल्यांपैकी १९७५ मध्ये बँड सुरू करणारा एकटा बेसवादक स्टीव्ह हॅरिस होता. मूळ मेडन मैदानातल्या प्रेक्षकांनी कधी पाहिलेला नव्हता, आणि त्यांपैकी कुणाची तशी तक्रारही नसावी. डिकिन्सन स्वतः १९८१ मध्ये दुसऱ्याच्या जागी आलेला. पण मेडनकडे एक अपयशही आहे आणि माझ्या दृष्टीने यशापेक्षा ते जास्त बोलकं आहे. १९९३ मध्ये डिकिन्सन सोडून गेला आणि ब्लेझ बेली आला. बेलीचा आवाज मुळात खालच्या पट्टीतला, दाट. मंचावर त्याला जुनी गाणी डिकिन्सनच्याच पट्टीत गावी लागली आणि तिथे तो रोज उघडा पडायचा. चाहत्यांनी निकाल लावला की माणूसच चुकीचा निवडला. पण याच बेलीसाठी बांधलेली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही गाणी पाहा. डिकिन्सन १९९९ मध्ये परतल्यावर त्याने ती स्वतः मंचावर गायली आणि ती मेडनच्या कार्यक्रमात रुळली. म्हणजे जिथे गाणं नव्या गळ्याला धरून बांधलं तिथे ते टिकलं, आणि जिथे नवा गळा जुन्या गाण्यात कोंबला तिथे हसं झालं. माणूस तोच, वर्षंही तीच. डिकिन्सनबरोबर गिटारवादक एड्रियन स्मिथही परतला, तेव्हा मधल्या काळात त्याच्या जागी आलेल्या यानिक गर्सला मेडनने काढलं नाही. तीन गिटारांचा बँड केला. जुनं जसंच्या तसं मांडण्याचा मोह सोडणं तेवढं सोपं नसतं.

'ज्युडास प्रीस्ट'ने हा मोह सोडला नाही, निदान पहिल्या वेळी. गायक रॉब हाफर्ड १९९२ मध्ये बाहेर पडल्यावर त्यांनी अमेरिकेतल्या ओहायोचा टिम ओवेन्स हा गायक घेतला. तो कुठे गात होता? प्रीस्टचीच गाणी हुबेहूब म्हणणाऱ्या एका बँडमध्ये. हाफर्डची किंकाळी त्याच्या गळ्यात होती, निवड झाली ती त्याच गुणावर. १९९७ च्या 'जगुलेटर'मधली गाणी दोन जुन्या गिटारवादकांनी लिहिली. गायकाला गाण्याच्या रचनेत वाटा नव्हता. दोन अल्बमनंतर २००३ मध्ये हाफर्ड परत आला आणि ओवेन्सचा काळ चाहत्यांच्या चर्चेत तळटीप होऊन बसला. नक्कल उत्तम असण्याचा धोका हाच, की अस्सल दारात आलं की तिचं काम संपतं. याच बँडने २०११ मध्ये के. के. डाउनिंगच्या जागी रिची फॉकनर हा पुष्कळ तरुण गिटारवादक घेतला आणि त्याला पहिल्यापासून गाणी रचायला बसवलं. २०१८ चा 'फायरपॉवर' हाफर्ड, जुना गिटारवादक ग्लेन टिप्टन आणि फॉकनर अशा तिघांच्या नावावर आहे आणि म्हाताऱ्या बँडचा तरणा अल्बम म्हणून त्याचं कौतुक झालं. 'मेटॅलिका'चं उदाहरण तर ऐकूनच पाहावं. क्लिफ बर्टन हा बेसवादक २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बस उलटून गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस १९८८ च्या अल्बममध्ये इतका दाबला गेला आहे, की चांगल्या स्पीकरवरही तो शोधावा लागतो. हा माणूस चौदा वर्षं बँडमध्ये राहिला आणि २००१ मध्ये बाहेर पडला. त्याला बाहेर स्वतःचं काही करण्याची मोकळीक नव्हती, हा त्या वादाचा एक भाग होता. बँडने त्याला जागेवर बसवलं होतं. त्याचं काही ऐकून घेण्याची तयारी मात्र बराच काळ नव्हती.

हे सगळं साहेबाच्या देशातलं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण मराठी माणसाला हा पेच नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. पाचच वर्षांत, १८८५ मध्ये, अण्णासाहेब गेले. संस्थापक, लेखक, चालींचा कर्ता एकाच वेळी गेला. आजच्या भाषेत बँडचा म्होरक्याच गेला. मंडळी बंद पडली नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या उंच, खड्या गळ्यावर ती पुढे पंधरा-सोळा वर्षं गाजली. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. आता भाऊरावांसारखा गळा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाच्या रसिकांनाही पडला असणारच. १९०५ मध्ये मंडळीत आला तो सतरा वर्षांचा नारायण राजहंस, बालगंधर्व. गळा मुलायम, लोचदार. भाऊरावांच्या ढंगाशी त्याचं काही नातं नाही. मंडळीने त्याच्याकडून भाऊराव वदवून घेतले नाहीत. १९११ मध्ये 'मानापमान' आलं, गोविंदराव टेंबे यांनी त्याच्या चाली ख्याल-ठुमरीच्या वळणाने बांधल्या, आणि नाट्यसंगीत साकी-दिंडीच्या जुन्या वळणावरून पुढे निघालं. नव्या गळ्यासाठी गाणंच बदललं, म्हणून मंडळीला दुसरं आयुष्य मिळालं. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तरी किर्लोस्कर मंडळी दीनानाथ मंगेशकरांसारखा आणखी वेगळ्या धाटणीचा, आक्रमक गळा घेऊन उभी राहिलीच. दीनानाथही १९१८ मध्ये स्वतःची बळवंत संगीत मंडळी काढून गेले. मग मात्र किर्लोस्कर मंडळीला पूर्वीचे दिवस दिसले नाहीत. अण्णासाहेब गेल्यानंतर तीस-पस्तीस वर्षं टिकलेल्या या मंडळीला 'मूळ लाइनअप नाही' म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी नाकारलं नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप आहे तो असा: काही मंडळ्या एकाच माणसाच्या असतात, त्यांचं काय? गंधर्व नाटक मंडळी हे त्याचंच उदाहरण. तिथे दुसरं कुणी येऊन बालगंधर्वांची जागा घेईल ही कल्पनाच कुणाला सुचली नसती. इंग्लंडात 'मोटरहेड' तसा. त्याचा गायक लेमी २८ डिसेंबर २०१५ रोजी वारला आणि उरलेल्यांनी लगेच जाहीर केलं की बँड संपला. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याने माझा मुद्दा खोडला जातो असं वाटत नाही. जिथे गाणं एका गळ्याच्या बाहेर कधी वाढलंच नाही, तिथे येणाऱ्याला करण्यासारखं काही शिल्लक नसतं. थांबणं हाच प्रामाणिकपणा. अडचण होते ती थांबण्याचं धैर्य नसलेल्यांची. 'क्वीन्सराइक' या अमेरिकन बँडने २०१२ मध्ये आपल्या गायकाला काढलं, त्यानेही त्याच नावाने दुसरा बँड उभा केला, आणि २०१४ मध्ये तडजोड होईपर्यंत दोन-दोन क्वीन्सराइक गावोगाव फिरत होते. नाव हे मालमत्तेसारखं वाटून घेता येतं, हे वकिलांना ठाऊक असतं. पुसदकरांना निवडणुकीमुळे आणखी एक गोष्ट ठाऊक आहे, ती म्हणजे पाटीवरचं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिलं तरी आतला माणूस काय करतो हे वेगळं पाहावं लागतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. नक्कल चालते की! 'किस' या बँडचं पाहा. तोंड रंगवून मंचावर येणारे चौघे आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला. १९८० मध्ये ड्रमर बदलला तेव्हा नव्या एरिक कारला जुन्याचा मांजराचा चेहरा दिला नाही, त्याच्यासाठी कोल्ह्याचा चेहरा नव्याने तयार केला. दोन वर्षांनी आलेल्या गिटारवादकालाही वेगळा चेहरा मिळाला. पुढे, या शतकात, धोरण उलटलं: टॉमी थेअर एस फ्रेलीचा चेहरा लावून त्याच्या जागी उभा राहिला, ड्रमर एरिक सिंगरने पीटर क्रिसचं मांजर घेतलं. मैदानं भरत राहिली. मग नक्कल वाईट कशी? वाईट म्हणत नाही मी. खेळ म्हणून तो उत्तमच झाला. पण त्या वाटेचं टोक कुठे गेलं तेही पाहा. २ डिसेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये किसचा शेवटचा शो झाला आणि त्याच रात्री पडद्यावर बँडच्या संगणकाने बनवलेल्या प्रतिमा आल्या: इथून पुढे याच वाजवतील. चेहरा महत्त्वाचा आणि आतला माणूस कुणीही चालतो असं एकदा ठरलं, की माणूस नसला तरी चालतं, हे त्या हिशोबाचं सरळ उत्तर आहे.

आपल्याकडच्या मेटलला पैसा आणि मैदानं यांचा प्रश्न इतका आधी पडतो, की नाव कुणाचं यावर कोर्टात जाण्याची वेळ सहसा येत नाही. मुंबईत साहिल मखिजाने २००० मध्ये 'डेमॉनिक रिझरेक्शन' सुरू केला. त्याच्या आसपासचे गिटारवादक, बेसवादक, ड्रमर बदलत गेले. सुरुवातीपासून सतत टिकलेला असा तो एकटाच. २०१० मध्ये 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाने बँडला आपल्या वार्षिक पुरस्कारांत जागतिक मेटलचा पुरस्कार दिला आणि २०१७ मध्ये 'दशावतार' हा अल्बम आला, त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत अवतारागणिक एकेक गाणं. माणसं बदलूनही बँड तोच राहतो हे सांगायला याहून सोयीचं शीर्षक सापडणार नाही, पण सोयीच्या गोष्टीवर मी फार भर देणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. हाच मखिजा 'डेमॉनस्टीलर' या नावाने स्वतंत्र अल्बमही काढतो. २०१६ च्या 'धिस बर्डन इज माइन'वर 'नाइल' या अमेरिकन बँडचा ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास वाजवतो. गाणी करणारा माणूस एकच, गुरगुरणारा गळा एकच, पाहुणे वादक तर जगातले नाणावलेले. तरी एका कामाला तो बँड म्हणतो आणि दुसऱ्याला आपलं स्वतःचं काम. त्याची कारणं त्याच्यापाशी. मला त्यातून दिसतं ते हे, की पाहुणा सांगितलेलं वाजवून जातो आणि सोबती वाद घालतो. ज्याला वाद घालण्याचा हक्क आहे, त्याच्यामुळे बँड होतो. मुंबईतलाच 'इंडस क्रीड' यापेक्षा मवाळ, रॉकचा बँड. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' म्हणून निघाला, १९९३ मध्ये नाव बदललं, १९९७ मध्ये मोडला, २०१० मध्ये पुन्हा जमला तेव्हा गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बेस आणि ड्रमला नवी मुलं. २०१२ मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला, जुन्याच गाण्यांवर भागवलं नाही. नवी मुलं घेतली ती जुनं वाजवण्यापुरती नव्हती, एवढं यावरून नक्की कळतं.

पुसदसारख्या गावात हा प्रश्न अधिक नागडा होतो, कारण इथे माणूस जाणार हे गृहीत धरूनच कुठलाही गट बांधावा लागतो. बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून गावात आहे. तिथे जमलेला कुठलाही वाद्यवृंद फार तर चार वर्षं टिकतो, मग पोरं नोकरीसाठी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग पुसदवरून जायचा आहे, म्हणजे जाणं आणखी सोपं होईल. गणपतीतलं ढोल पथक, भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा, सगळ्यांचं तेच. तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गातात, ती या बाबतीत बघण्यासारखी आहे. एक बाजू ओळ टाकते, दुसरी उचलते, पाय गोल फिरत राहतात. यंदा कोण ऊसतोडीला गेलं आहे आणि कोण परत आलं आहे, त्यावर गाणारे ठरतात. दर होळीला लाइनअप वेगळी. आणि लेंगीत सेवालाल महाराजांपासून वसंतराव नाईकांपर्यंत आणि कालपरवाच्या घडामोडींपर्यंत सगळं येतं, कारण जो गायला उभा राहतो त्याला आपली ओळ घालायची मुभा असते. ज्याला फक्त पाठ केलेलं म्हणायचं आहे तो दुसऱ्या होळीला कदाचित उभा राहणार नाही. ड्रम किट घेण्याची ऐपत नसलेल्या, संगणकावर ड्रम वाजवून घरच्या खोलीत मेटल करणाऱ्या गावोगावच्या पोरांनी लंडनपेक्षा तांड्यावर पाहिलं तर ड्रमर गेल्यावर काय करायचं ते लवकर कळेल.

एक आक्षेप राहतो आणि तो भावनेचा आहे, म्हणून सहज टाळू नये. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे शेवटचे एकत्र आले. ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या वादामुळे कित्येक वर्षं बाहेर होता, तोही आला. ऑझीला उभं राहता येत नव्हतं. तो सिंहासनावर बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला. इतकी माणसं बदलून झाल्यावर जगाने अश्रू ढाळले ते या चौघांसाठीच, मग मूळ बँड हाच खरा बँड नाही का? अश्रू खरे होते. वॉर्डला आधीच्या पुनर्मीलनातून वगळलं गेलं याचं त्याच्या चाहत्यांना वाईट वाटलं, तेही रास्त. गेलेल्या माणसाचा हक्क हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि नवा माणूस चांगला निघाला म्हणून तो सुटत नाही. पण त्या संध्याकाळी चौघांनी काय वाजवलं? चार गाणी, चारही १९७० सालची. निरोप घ्यायला मूळ माणसं हवीत यात शंका नाही. दहा वर्षांनंतर 'हेवन अँड हेल'सारखं काही करायला मात्र दुसरा माणूस लागला होता.

आयर्न मेडनची परीक्षा सध्या पुन्हा चालू आहे. निको मॅकब्रेन हा ड्रमर १९८२ पासून होता, एका पायाच्या पेडलवर इतरांच्या दोन पायांइतका वेग काढायचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो दौऱ्यांतून निवृत्त झाला. हॅरिसच्याच दुसऱ्या बँडमधला सायमन डॉसन त्याच्या जागी बसला आणि मे २०२५ मध्ये बँडच्या पन्नाशीचा दौरा सुरू झाला. दौऱ्यात गाणी आहेत ती १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे डॉसन तूर्त मॅकब्रेन आणि त्याच्या आधीच्या क्लाइव्ह बरचं वाजवतो आहे. तो चांगला वाजवतो का, यावर चाहते भांडत आहेत. त्या भांडणाला आज अर्थ नाही. त्याच्या हातापायांप्रमाणे बांधलेलं एखादं मेडनचं नवं गाणं येईल, तेव्हा बोलता येईल.